दारव्हा वेशीचा फोटो

फोटोवरून काढलेली पुष्कळ चित्रं कागदाला पेन्सिल लागण्याआधीच फसलेली असतात. फोटोत दिसतंय ते सगळं तिथे खरोखर होतं, तेव्हा ते सगळं चित्रात यायलाच हवं, असं चित्रकारानं मनाशी धरलेलं असतं. मग तो डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून उजव्या कोपऱ्यापर्यंत इमानेइतबारे काम करत जातो. पाटीवरची अक्षरं येतात, तारा येतात, मोटरसायकलच्या चाकाचे आरे येतात, आणि चित्र मात्र कुठेच उतरत नाही. हात चांगला असणाऱ्यांचंही असं होतं, हे पाहून मला हळहळ वाटते. दिवसभराच्या त्या मेहनतीआधी तासभर रचनेला दिला असता, तर त्याच हातून फार वेगळं काही घडलं असतं.

हा तासभर नेमका कसा घालवायचा, ते या प्रकरणात पाहू. त्यासाठी एकच फोटो घेऊन बसू. फोटो कारंजा लाडचा आहे. वाशीम जिल्ह्यातलं हे जुनं व्यापारी गाव दत्तभक्तांना नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून माहीत असतं आणि जैन अभ्यासकांना तिथल्या जुन्या मंदिरांतल्या हस्तलिखितांमुळे. चित्रकाराची नजर मात्र आधी वेशींवर जाते. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. आपला फोटो दारव्हा वेशीचा आहे. उन्हाळ्यातली सकाळ, साडेआठचा सुमार, गावाच्या आत उभं राहून बाहेर दारव्ह्याच्या दिशेनं पाहत साध्या मोबाईलवर काढलेला. दारव्हा कारंज्याच्या आग्नेयेला, त्यामुळे सूर्य समोरून, जरासा डावीकडून येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढची सगळी रचना तिच्यावर उभी राहणार आहे.

फोटोत काय काय आलंय? जवळजवळ मधोमध कमान. समोरून ऊन असल्यानं वेशीचा आपल्याकडचा दर्शनी भाग सावलीत, फोटोत तर काळाच पडलेला. वर आकाश पांढरंफटक. कमानीच्या डोक्यावरून विजेच्या आणि केबलच्या तारांचं जाळं. डाव्या हाताला दुकानांची ओळ, एका दुकानाची भडक लाल पाटी. उजवीकडे केळीची हातगाडी आणि तिच्यामागे उभा माणूस. कमानीच्या डाव्या खांबाला चिकटल्यासारख्या दोन बायका, एक सायकल. आणि अगदी पुढे, उजव्या खालच्या कोपऱ्यात, मोटरसायकलचं अख्खं मागचं चाक. रस्त्यानं फोटोचा जवळपास निम्मा भाग व्यापलाय.

आता यातलं तिथे प्रत्यक्ष डोळ्यांना काय दिसलं होतं? मोटरसायकल तर दिसलीही नव्हती. ती तिथे होती, पण उभा राहणारा माणूस वेशीकडे पाहत होता. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचं भिंग वाइड अँगल असतं. ३५ मि.मी. फिल्मच्या हिशेबात त्याची फोकल लेंग्थ साधारण २४ ते २८ मि.मी. भरते आणि आडव्या फोटोत ते ६५ ते ७० अंशांचा पसारा एका चौकटीत कोंबतं. जवळचं फार मोठं आणि दूरचं फार लहान दिसतं ते त्यामुळेच, असं आपण म्हणतो; पण खरं कारण भिंग नसून आपण उभे असतो ती जागा आहे. सगळं मावतंय म्हणून आपण पुढे जाऊन उभे राहतो, आणि घोटाळा तिथे होतो.

हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. समजा वेस तुमच्यापासून १० मीटरवर आहे आणि मोटरसायकल ३ मीटरवर. कागदावर मोटरसायकलचं मोजमाप वेशीच्या मोजमापाच्या सव्वातीनपट पडतं, म्हणजे वेशीखाली तीच मोटरसायकल उभी केली असती तर जेवढी दिसली असती त्याच्या सव्वातीनपट. आता १० मीटर मागे सरका. वेस २० मीटरवर, मोटरसायकल १३ मीटरवर. प्रमाण दीडपटीवर आलं. मोबाईलवर २ एक्स केलं की वेस फोटोत पहिल्याइतकीच मोठी येते, पण आता तिच्यापुढचं जग तिला दडपत नाही. म्हणून पहिली सवय लावून घ्या ती पायांना : मागे या, मग झूम करा. जागा असेल तिथे एवढं केल्यानं जितकी चित्रं वाचतात तितकी महागड्या कॅमेऱ्यानं वाचत नाहीत.

दुसरी गोष्ट उभ्या रेषांची. वेशीचा माथा चौकटीत घ्यायला आपण मोबाईल वर कलता करतो आणि वेशीच्या दोन्ही कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. फोटोत ते चालून जातं, कारण फोटो आहे हे आपल्याला ठाऊक असतं. चित्रात तीच वेस मागे पडायला आल्यासारखी वाटते. रेखाटताना उभ्या कडा सरळ ओळंब्यात घ्या. फोटोला विचारू नका.

तिसरी गोष्ट उजेडाची. उन्हातली आणि सावलीतली अशा दोन्ही जागा कॅमेऱ्याला एकाच वेळी नीट सांभाळता येत नाहीत. आपल्या फोटोत वेशीचा दर्शनी भाग काळा आणि आकाश पांढरं झालंय ते म्हणूनच. प्रत्यक्षात कमानीच्या पोटाला, म्हणजे आतल्या वळणाला, एक तांबूस उजेड होता. वेशीपलीकडच्या रस्त्यावर पडलेलं ऊन धुळीवरून उसळून कमानीच्या आतून वर चढत होतं. वेशीच्या सावलीत खालचा रस्ता निळसर होता, कारण तिथे वरच्या आकाशाचा उजेड पोचतो. फोटोत यातलं काहीही नाही. यावर उपाय सोपा आहे. एकाच जागेवरून दोन फोटो काढायचे. एकदा पडद्यावर कमानीच्या सावलीवर बोट ठेवून, म्हणजे कॅमेरा सावलीचं माप धरतो, आणि एकदा आकाशावर बोट ठेवून. पहिल्यात आकाश जळतं पण सावलीतले दगड दिसतात, दुसऱ्यात उलटं. चित्र काढताना दोन्ही समोर ठेवायचे. तिसरी नोंद शब्दांची, वहीत, तिथेच उभं राहून : 'कमानीच्या पोटाला तांबूस उजेड. रस्त्याची सावली निळसर.' एवढी एक ओळ घरी आल्यावर दहा फोटोंच्या वर काम करते.

फोटोवरून काम करणं म्हणजे लबाडी, असं मानणारे लोक अजून आहेत. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. फ्रेंच चित्रकार देलाक्रवानं १८५४ मध्ये युजेन द्यूर्यू या छायाचित्रकाराच्या मदतीनं मॉडेलचे फोटो काढवून घेतले आणि त्यांवरून तो रेखाटनं करत असे. देगानं तर फोटोकडून धीटपणा उचलला. आकृती चौकटीच्या कडेला अर्धी कापायची, मध्ये रिकामी जमीन सोडायची, हे त्याच्या रचनांमध्ये जागोजाग दिसतं. आपल्याकडे राजा रविवर्म्यांनीही व्यक्तिचित्रांसाठी फोटोंचा आधार घेतला. या सगळ्यांच्या हाती फोटो होता, पण चित्र कसं उभं राहावं हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. दुसऱ्यानं काढलेला फोटो वापरायचा असेल तर मात्र त्याची परवानगी घ्या. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं फोटोलाही कलाकृतीच मानलं आहे, आणि कायद्यात नसतं तरी ते मानायलाच हवं होतं.

आता मुख्य प्रश्न. हे चित्र कशाचं? उत्तर एका वाक्यात द्यायचं, आणि ते लिहून काढायचं. 'दारव्हा वेस' हे उत्तर नव्हे, ते फोटोचं नाव झालं. आपल्या फोटोत किमान तीन चित्रं आहेत. एक वेशीचं : दगड, कमानीचा बाक, माथा, म्हातारपण. त्यासाठी कागद उभा हवा आणि माणसं नावापुरती. दुसरं केळीवाल्याचं : गाडी पुढे, मोठी, वेस मागे धूसर. तिसरं उन्हाचं : अंधाऱ्या वेशीतून आत शिरलेला आणि रस्त्यावर तिरपा पसरलेला उजेडाचा पट्टा. तिन्ही चांगली आहेत. तिन्ही एकाच कागदावर आली की तिघांचंही वाटोळं होतं.

कोणतं निवडावं हे कळत नसेल तर एक जुनी, आपल्या ओळखीची युक्ती आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा ज्यांनी दिल्या त्यांना 'स्मरणचित्र' हा पेपर आठवत असेल. विषय मिळायचा, समोर काही नसायचं, आणि बाजार किंवा पाणवठा आठवून काढायचा. त्या पेपरची भीती अनेकांच्या मनात घर करून राहिली, पण रचना शिकवणारा याच्याइतका चांगला विषय आपल्या शाळांत दुसरा नव्हता असं माझं ठाम मत आहे. फोटो दोन मिनिटं नीट पाहा. मग मोबाईल बंद करून खिशात ठेवा आणि तळहाताएवढ्या कागदावर जे आठवतंय ते काढा. मी दारव्हा वेशीचं असं केलं तेव्हा तारा आल्या नाहीत, पाटी आली नाही, मोटरसायकल तर आलीच नाही. आलं ते एक काळं मोठं अंग, त्यातलं उजळ भोक आणि त्यातून रस्त्यावर सांडलेलं ऊन. म्हणजे निवड झालेलीच होती. माझं वाक्य असं ठरलं : 'सावलीतल्या गावात वेशीतून ऊन येतंय.'

वाक्य ठरलं की छोटी रेखाटनं. रंग नको, खोडरबर नको, ४बी किंवा ६बी पेन्सिल पुरे. आधी चौकटीचं माप, कारण इथे बऱ्याच जणांची वाट चुकते. पाव शीट म्हणजे ११ × १५ इंचांचा कागद. त्यावर चित्र करायचं असेल तर छोटी चौकट त्याच प्रमाणात हवी, २.२ × ३ इंच घेतली की ती बरोबर पाचपटीनं वाढते. मोबाईलचा ४:३ फोटो या कागदावर जवळपास मावतो, १५ इंच रुंदीला उंची सव्वाअकरा भरते. पण मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो ३:२ असतो, त्याला १५ इंच रुंदीला १० इंचच उंची लागते, आणि वर किंवा खाली इंचभर पट्टी उरते. ती ऐनवेळी आकाश ताणून भरली की रचना बिघडते. प्रमाण जुळवायची सोपी पद्धत म्हणजे कर्ण. मोठ्या कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारा. त्याच डाव्या कोपऱ्यातून निघणारी आणि समोरचा कोपरा त्या रेघेवर असणारी कोणतीही चौकट त्याच प्रमाणाची असते.

या चौकटीत आता वेस, गाडी, बाई असं काही काढायचं नाही. काढायचे ते टोनचे आकार. चारच टोन धरा : कागदाचा पांढरा, फिका करडा, गडद करडा, जवळपास काळा. डोळे किलकिले करून फोटो पाहा, किंवा मोबाईलवर तो ब्लॅक अँड व्हाइट करून टाका. लगेच दिसतं की वेशीचं अंग, डावीकडची दुकानं आणि रस्त्यावर पडलेली वेशीची सावली हे सगळं एकाच टोनचं आहे. मग त्यांच्यामधल्या रेघा कशाला? ते सगळं मिळून एकच मोठा गडद आकार होऊ द्या, इंग्रजी सी सारखा, वर वेस, डावीकडे दुकानं, खाली सावली. त्याच्या पोटात उजळ आकार : कमानीची पोकळी आणि तिला लागूनच रस्त्यावरचा उन्हाचा पट्टा. हाही एकच आकार. एका गडद आकारात एक उजळ आकार, एवढ्यावर चित्र उभं राहिलं. जपानी कलेतली गडद-उजळ आकारांची ही मांडणी, नोतान, अमेरिकेतल्या आर्थर वेस्ली डाऊनं १८९९ च्या आपल्या रचनेवरच्या पुस्तकात शिकवण्याचा पाया म्हणून वापरली. सव्वाशे वर्षं उलटली तरी विद्यार्थ्यांना द्यायला याहून चांगला धडा मला सापडलेला नाही.

आणि इथेच फोटोशी पहिलं मोठं भांडण होतं. फोटोत सर्वांत पांढरं काय आहे? आकाश. तसंच ठेवलं तर नजर सरळ वर जाते आणि वेशीच्या माथ्यावरून बाहेर पडते. आपल्या वाक्यात आकाश कुठेच नाही. म्हणून आकाशाला फिका करडा टोन द्यायचा आणि कागदाचा निखळ पांढरा फक्त कमानीच्या पोकळीत आणि उन्हाच्या पट्ट्यात राखायचा. तैलरंगात हा निर्णय उशिरा घेतला तरी चालतो, पांढरा वरून लावता येतो. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच, तो एकदा झाकला की गेला. जलरंगाच्या चित्राचं नियोजन आधी का करावं लागतं, त्याचं सगळ्यात मोठं कारण हे.

पहिल्या छोट्या चौकटीत मी कमान मधोमध ठेवली. ती भारदस्त दिसली, पण चित्र थांबलं. दुसरीत कमान डावीकडे सरकवली. सूर्य डावीकडून येतोय, म्हणजे उन्हाचा पट्टा उजवीकडे तिरपा पडणार, आणि उजवीकडे त्याला जागा मिळाली. पट्टा जिथे संपतो तिथे केळीची गाडी. नजर कमानीतून शिरते, उन्हावरून घसरते, गाडीशी येऊन थांबते. तिसरीत वेशीचा माथा वरच्या कडेनं कापून पाहिला. वेस मोठी वाटू लागली आणि तारांचा प्रश्न आपोआप मिटला. मला तिसरी पटली, पण आकाशाची एक चिंचोळी पट्टी डाव्या कोपऱ्यात ठेवली, नाहीतर वेस आहे की बोगदा हे कळेना.

मोबाईलच्या पडद्यावर तीन बाय तीनची जी जाळी येते, तिचा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो : महत्त्वाची गोष्ट एक-तृतीयांशावर ठेवा. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं १७९७ मध्ये ग्रामीण दृश्यांवरच्या पुस्तकात हा नियम या नावानं मांडला. नियम वाईट नाही. पण आपली कमान डावीकडे गेली ती नियमामुळे नव्हे, ऊन उजवीकडे पडत होतं म्हणून. कारण आधी असावं. मग कमान एक-तृतीयांशावर पडली काय किंवा थोडी अलीकडे, फरक पडत नाही.

गाडीबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. फोटो काढताना केळीवाल्यानं विचारलं होतं, "हटवू का जी गाडी?" मी म्हटलं, "राहू द्या भाऊ, गाडीच पाहिजे." ती पाहिजेच होती, पण फोटोत ती होती तिथे नाही. फोटोत गाडीच्या छत्रीची कड वेशीच्या कडेला नेमकी टेकली होती. दोन आकारांच्या कडा अशा टेकल्या की जवळचं आणि दूरचं एकाच पातळीवर येतं, आणि पाहणाऱ्याला कुठेतरी खटकत राहतं, कारण सांगता येत नाही. उपाय दोनच. एक तर आकार नीट एकमेकांवर चढवायचे, किंवा मध्ये स्पष्ट मोकळी जागा ठेवायची. मी गाडी बोटभर खाली आणि डावीकडे घेतली, छत्री वेशीच्या अंगावर चढली, आणि गाडीची पुढची अर्धी बाजू उन्हाच्या पट्ट्यात आली. केळीचा पिवळा हा या चित्रातला एकच भडक रंग. म्हणून डावीकडच्या लाल पाटीला तिचा लाल सोडावा लागला. ती सावलीतल्या विटकरी तपकिरीत मिसळून गेली. तिच्यावरची अक्षरं तर कधीच गेली होती.

गोष्टी हलवायच्या म्हटलं की यथार्थदर्शनाची भीती वाटते. सरकवलेली माणसं हवेत तरंगतील, राक्षसासारखी दिसतील असं वाटतं. यासाठी एकच गोष्ट पक्की समजून घ्या. तुम्ही उभं राहून, डोळ्यांच्या उंचीवर मोबाईल धरून फोटो काढला असेल आणि जमीन सपाट असेल, तर जवळच्या आणि दूरच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी जवळपास एकाच आडव्या रेषेवर येतात. ती रेषा म्हणजे क्षितिजरेषा. प्रत्यक्ष क्षितिज वेशीआड झाकलेलं असलं तरी ती असतेच. फोटोत सापडत नसेल तर दुकानांच्या ओळीच्या वरच्या आणि खालच्या कडा वाढवत न्या, त्या जिथे मिळतात त्या उंचीवर ती आहे. मग माणूस कुठेही हलवा : डोकं रेषेवर, आणि पाय जितके खाली तितका तो जवळ. मुलाचं डोकं रेषेखाली. सायकलवर बसलेल्याचं साधारण रेषेवरच. बसून फोटो काढला असेल तर मात्र हे सगळं बदलतं, उभ्यांची डोकी रेषेच्या वर जातात. म्हणूनच बसून काढलेल्या फोटोतला माणूस उभ्यानं काढलेल्या फोटोत आणून ठेवला की तो कधीच नीट बसत नाही.

खांबाला चिकटलेल्या त्या दोन बायका मी अशाच उचलून पोकळीच्या उजेडात आणल्या. डोकी रेषेवर ठेवली, पाय त्यांच्या जागी. समोरून ऊन असल्यानं त्या निव्वळ गडद आकृत्या झाल्या, फक्त खांद्यांवर आणि पदराच्या कडेला उन्हाची बारीक रेघ. त्यांच्या सावल्या आपल्याकडे, उजवीकडे तिरप्या. मला तिथे एक बंडीही हवीशी वाटत होती, पऱ्हाटी लादलेली, आणि तिचा फोटोही माझ्याकडे होता. पण तो दुपारचा, सूर्य डोक्यावर, सावली बंडीच्या पोटाखाली. दोन फोटो जोडताना डोळ्यांची उंची जुळवता येते, उजेड जुळवायला बंडी नव्यानं समजून काढावी लागली असती. आणि खरं म्हणजे वाक्यात बंडी नव्हती.

रेषा आणि उंची यांचा हा हिशेब कारंज्यातच आणखी एका ठिकाणी फार सुंदर दिसतो. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही कापसाच्या मुलखातली नॅरोगेज, लोकांची 'शकुंतला', कारंज्यावरून जाते. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनानं चालली. आता तिच्या गाड्या बंद आहेत, पण तिच्या रुळांचा फोटो काढणारे पुष्कळ भेटतात आणि चित्र काढताना जवळजवळ सगळेच रूळ फार रुंद काढतात, कारण हाताला सवय ब्रॉडगेजची. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मि.मी., म्हणजे अडीच फूट. ब्रॉडगेजचं १६७६ मि.मी., साडेपाच फूट. आता उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची पाच फूट धरा. कागदावर क्षितिजरेषेपासून खाली कुठेही थांबा आणि अंतर मोजा. तिथे शकुंतलेचे रूळ त्या अंतराच्या निम्म्यानं एकमेकांपासून दूर हवेत, ब्रॉडगेजचे त्या अंतरापेक्षा थोडे जास्तच. रुळांच्या मधोमध उभं राहून पाहिलं असेल तर हे प्रमाण जवळ आणि दूर सगळीकडे तेच राहतं. एवढ्या एका मापानं 'शकुंतला' ही शकुंतलाच दिसते. रचनेच्या दृष्टीनं मात्र रूळ धोक्याचे. ते नजरेला ओढत नेतात आणि मिळतात त्या बिंदूशी काहीच नसेल तर पाहणारा तिथून चित्राबाहेर पडतो. रुळांवरून फोटो काढायचा तर ते जिथे मिळतात तिथे काय आहे हे आधी पाहावं.

कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळविटांचे फोटो काढणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे फोटोत बहुतेक वेळा काहीच धड नसतं. मोबाईलचा झूम ताणला की काळवीट म्हणजे गवतातला एक गडद ठिपका. चित्राला तेवढा पुरतो. नराची काळी पाठ आणि पांढरं पोट, माद्या गवताच्याच रंगाच्या, त्यामुळे टोनमध्ये उठून दिसतो तो नरच. तो ठिपका कुठे ठेवायचा आणि क्षितिज वर घ्यायचं की खाली, एवढंच ठरवायचं असतं. गवत महत्त्वाचं असेल तर क्षितिज वर, पावसाळ्याचं आकाश असेल तर खाली. अडचण येते ती उडीचा फोटो नीट मिळाला तर. १८७८ मध्ये म्युब्रिजनं कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याचे लागोपाठ फोटो घेतले, आणि चारही पाय ताणलेला, पोट जमिनीला समांतर असलेला घोडा, जसा जेरिकोनं १८२१ मध्ये एप्समच्या शर्यतीत रंगवला, तसा प्रत्यक्षात कधी नसतोच हे दिसलं. पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. तरी म्युब्रिजचे बरोबर घोडे थिजल्यासारखे वाटतात आणि जेरिकोचे धावतात. काळविटाचा गोठलेला फोटो तसाच्या तसा उतरवण्याआधी हे दोन घोडे शेजारी ठेवून पाहावेत. शरीराची रचना फोटोवरून घ्यावी, उडी डोळ्यांनी पाहिलेली घ्यावी.

परत वेशीकडे. छोटी चौकट पक्की झाली की ती मोठ्या कागदावर न्यायची. साइनबोर्डचे पेंटर करतात तशा चौकटी पाडून हे सोपं होतं, पण चौकटी छोट्या रेखाटनावर पाडाव्यात, फोटोवर नाही. फोटोवर पाडल्या की फोटोच मोठा होतो, आणि मोटरसायकल परत येते. २.२ × ३ इंचांच्या चौकटीत अर्ध्या इंचाची जाळी घेतली तर मोठ्या कागदावर ती अडीच इंचांची होते. आधी त्या जाळीतून गडद आकार आणि उजळ आकार यांची बाहेरची रेषा उतरवा, हलक्या हातानं. कमानीचा बाक, गाडीचा सांगाडा, बायकांची उंची त्यानंतर. फोटो आता पहिल्यांदा तपशिलासाठी उघडा : कमानीचा बाक कुठे किती वळतो, सायकलचा दांडा कसा आहे, गाडीची चाकं किती मोठी. हे फोटो उत्तम सांगतो आणि इथे त्याचं ऐकावं.

रंग लावायला बसलात की फोटो पालथा घाला. समोर असू द्या ती टोनची छोटी चौकट आणि वहीतली ती ओळ. आकाशाचा फिका वॉश आधी, तो कमानीच्या पोकळीपाशी थांबवायचा. मग गडद आकार एका दमात, ओला असतानाच वेशीच्या अंगात तपकिरी आणि रस्त्याच्या सावलीत निळा सोडायचा, कमानीच्या पोटाला तेवढा तांबूस. दुकानं आणि वेस यांच्यामधली कड हरवली तर हरवू द्या. वाळल्यावर सहा फुटांवरून चित्र पाहा आणि हातातल्या तीन इंचांच्या चौकटीशी ताडून पाहा. उजळ आकार दोन्हीकडे सारखाच ओळखू येत असेल, तर दगडांचे सांधे, केळीचे घड, चाकाचे आरे यांतलं निम्मं न काढताही भागतं. ते निम्मं काढू नका.